सातवीचं दप्तर, चौथीचं गणित

"सहावीपर्यंत बरा होता हो, सातवीत काय झालं कोण जाणे." लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई आपल्या मुलाविषयी म्हणाल्या आणि ते वाक्य माझी पाठ सोडेना. सातवीत बहुधा काहीच झालेलं नसतं. जे व्हायचं ते चौथी-पाचवीत होऊन गेलेलं असतं, सातवीत ते उघडं पडतं.

मोबाइल, वय, घरातले ताण ही कारणं सर्वांना ठाऊक आहेत आणि ती खरीही आहेत. पण अशा मुलाला एकतृतीयांश अधिक एकचतुर्थांश किती, असं विचारून पाहावं. पुष्कळदा उत्तर येतं, दोन सप्तमांश. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, पण मुलानं नियम इमानानं पाळलेला असतो. तो नियम त्याचा स्वतःचा असतो, इतकंच. एकतृतीयांशात भर घातल्यावर उत्तर एकतृतीयांशाहून लहान आलं, हे त्याला खटकत नाही, कारण अपूर्णांक ही एक संख्या आहे असं त्याला कधी वाटलेलंच नाही. मग शेकडेवारी, गुणोत्तर, समीकरणं कशावर उभी राहणार? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची आकडेवारी तपासली. दहा-बारा वर्षांच्या वयातल्या अपूर्णांक आणि भागाकाराच्या समजेवरून पुढच्या बीजगणिताचा अंदाज येतो, असं त्यांना दिसलं. बुद्ध्यांक आणि घरची मिळकत जमेस धरूनही.

"क्लास लावा" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. क्लासात सातवीचाच धडा पुन्हा होतो, तोही अधिक घाईनं. सकाळी न कळलेलं संध्याकाळीही कळत नाही. सरावानं जमेल म्हणावं, तर चुकीच्या नियमाच्या सरावानं चूकच पक्की होते. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेनं मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता त्यांना काय येतं त्याप्रमाणे पाडले आणि तिथून शिकवलं. त्याचा उपयोग झाल्याचं काटेकोर चाचण्यांत दिसलेलं आहे.

मूल कुठे अडखळतं हे पाहण्याची आपल्याला सवयच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची 'वीस एक, वीस दोन' अशी पर्यायी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत राहिल्या, की जोडाक्षरं आणि एकक आधी, दशक नंतर ही उलटापालट लहान मुलांना जड जाते. पद्धत पटो न पटो, सुरुवात मुलाच्या अडचणीपासून झाली होती. भाषेच्या अभिमानाच्या गलक्यात ती अडचण कुणी ऐकलीच नाही.

आठवीपर्यंत मुलाला नापास न करण्याच्या, २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या तरतुदीची बाजू मी नेहमी घेतली. तेच वर्ष, त्याच पद्धतीनं पुन्हा शिकून कुणाचं भलं झालं होतं? २०१९च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, तीही मला नको वाटते. तरीही आता लक्षात येतं, की नापास होण्यात एक गोष्ट खरी होती: मूल आणि पुस्तक एका जागी नाहीत, हे कुणीतरी मान्य करत होतं. प्रगतिपुस्तकातली 'क-१' श्रेणी ते सांगत नाही. मुलाला लाज वाटू नये म्हणून आपण त्याला अंधारात ठेवलं.

म्हणून बारा वर्षांच्या मुलाला नेमकं सांगावं, असं मला आता वाटतं. 'तू गणितात कच्चा' म्हटलं की त्याला पुढे वाटच उरत नाही. 'छेद वेगळे असले की तुझं अडतं' यावर काम करता येतं. त्याच्या हाती पाचवीचं, लागलं तर चौथीचं पुस्तक उघडपणे द्यावं. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. कागदाच्या पट्ट्या दुमडाव्यात, संख्यारेषेवर एकतृतीयांश कुठे येतो ते त्यालाच दाखवू द्यावं. हे गणिताच्या तासालाच व्हावं, गृहपाठात आणखी ओझं म्हणून नको. आणि तेवढे दिवस सातवीचे धडे त्याला माफ असावेत. पुढच्या घटक चाचणीत मार्क आणखी घसरतील. ते घसरू द्यायची आईवडिलांची तयारी हवी, आणि शाळेनंही तसं आधीच कबूल केलेलं हवं.