निरुपद्रवी समज

देवदर्शनास येतांना आपण हातपाय धुतों आणि तीर्थासाठीं उजवा हात पुढें करतों. त्या हाताच्या नखांकडे मात्र आपलें सहसा लक्ष जात नाहीं. आज त्या नखांच्या निमित्तानें एका जुन्या प्रश्नाचा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे. घरांत चालत आलेला एखादा समज खोटा आहे, परंतु त्यापासून कोणास अपाय होतांना दिसत नाहीं. तर तो तसाच चालूं द्यावा, कीं मोडावा?

रात्रीं नखें काढूं नयेत, शनिवारीं काढूं नयेत, हे निषेध आपण लहानपणापासून ऐकत आलों. पहिल्याचें मर्म सहज उमगतें. समईच्या मंद उजेडांत नराणी चालविली तर बोट कापावयाचें, आणि उडालेलें नख अन्नांत पडलें तर दिसावयाचें नाहीं. आज घरोघरीं विजेचे दिवे आहेत. कारण गेलें, निषेध तेवढा उरला. वाराचा मात्र नखांच्या आरोग्याशीं कांहींच संबंध नाहीं. चरकसंहितेंत पंधरवड्यांतून तीन वेळां केस, दाढी व नखें काढावींत असें सांगितलें आहे. तेथें हेतु स्वच्छतेचा आहे. खाजविणाऱ्या मुलाच्या नखांत जंतांचीं अंडीं अडकतात आणि घासाबरोबर पुन्हां पोटांत जातात. अशा मुलाचीं नखें वार पाहून दोन दिवस तशींच ठेवणें हें शास्त्र नव्हे.

परंतु सारे भ्रम वडीलधाऱ्यांच्या पदरीं बांधणें अन्यायाचें होईल. शिकलेल्यांचेहि स्वतःचे भ्रम आहेत. नखांना श्वास घेतां यावा म्हणून त्यांवर रंग लावूं नये, असें पुष्कळजणी म्हणतात. वस्तुतः नखाच्या मुळास लागणारा प्राणवायु रक्तांतून मिळतो, बाहेरील हवेंतून नव्हे. नखाच्या बुडाशीं कातडीची जी पातळ किनार असते ती शोभेसाठीं कापून टाकतात. ती किनार जंतूंना अडविणारा बांध आहे, आणि तो फोडला कीं नखुरडें होण्यास वाट मिळते. मृत्यूनंतरहि नखें वाढतात ही समजूतहि अशीच. भोंवतालची कातडी सुकून मागें सरते, म्हणून नख लांबल्यासारखें दिसतें, इतकेंच.

आतां पांढऱ्या ठिपक्यांचें पाहूं. आकाशांतून बगळ्यांची रांग चालली कीं मुलें नखें घासून त्यांच्याकडे कवडी मागतात, आणि पुढें नखावर ठिपका दिसला म्हणजे ती बगळ्यानें दिली असें मानतात. हा खेळ गोड आहे. मोठीं माणसें मात्र तोच ठिपका पाहून अंगांत कॅल्शियम कमी पडलें असें ठरवितात. बहुतेक वेळां तो ठिपका नखाच्या मुळास लागलेल्या बारीकशा माराची खूण असतो. हाताचें नख महिन्यास सुमारें 3 मिलिमीटर वाढतें. त्यामुळें मार विसरून गेल्यावर ठिपका दिसूं लागतो, पुढें सरकतो व शेवटीं नखाबरोबर कापला जातो. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनीं स्वतःच्या नखाची वाढ 35 वर्षें मोजून 1980 सालीं प्रसिद्ध केली. 32 व्या वर्षीं ती दिवसास 0.123 मिलिमीटर होती, ती 67 व्या वर्षीं 0.095 वर आली. नख आपली वही चोख ठेवतें. चूक होते ती वाचणाऱ्याची.

अशी चूक आमच्याच घरांत झाली. नातवाच्या नखांवर ठिपके दिसले. आम्हीं गोळ्या आणविल्या, त्याचें दूध वाढविलें, रोज बोटें तपासलीं. त्या गोळ्या त्यास नेमानें देणाऱ्या सूनबाईंचीं नखें त्याच दिवसांत फिकट पडून मध्यें चमच्यासारखीं खोलगट झालीं होतीं. जिना चढतांना त्यांना धाप लागे. आम्ही म्हणत असूं, कामाचा शीण आहे. पुढें दुसऱ्याच कारणानें त्या डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हां डॉक्टरांनीं प्रथम त्यांचा हात हातीं घेतला आणि रक्त तपासावयास सांगितलें. शरीरांतील लोह अतिशय कमी झालें होतें. औषधानें त्या बऱ्या झाल्या. परंतु मधले कित्येक महिने त्यांनीं उगाच सोसले.

गोळ्यांनीं नातवाचें कांहीं बिघडलें नाहीं. तेवढ्यापुरता तो समज निरुपद्रवीच म्हणावा लागेल. पण काळजी घेतल्याचें समाधान त्यानें आम्हांस फुकट दिलें, आणि त्या समाधानांत दुसरा हात आम्हांस दिसला नाहीं. दोष सर्वस्वीं समजाचा होता, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. घरांत कोणाकडे पाहावयाचें आणि कोणाकडे नाहीं, हें आम्हीं आधींच ठरवून ठेवलें होतें. समजानें त्यास सबब पुरविली.

मग वडीलधाऱ्यांचें मन मोडावें काय? तसें नव्हे. आमच्या मातोश्री हयात होत्या तोंपर्यंत आम्हीं रात्रीं नखें काढलीं नाहींत. तो त्यांचा मान होता, आणि मान राखण्यास खोटें बोलावें लागत नाहीं. मुलानें कारण विचारलें, तर लक्ष्मी जाते असें न सांगतां समईच्या उजेडाची गोष्ट सांगावी. ज्या समजापायीं घरांतील कोणाची आबाळ होते, तो मात्र कितीहि जुना वा कितीहि नवा असो, प्रेमानें पण स्पष्टपणें दूर करावा.

नख निळसर दिसूं लागलें, खोलगट झालें किंवा त्याखालीं नवी काळी रेघ उमटून रुंदावूं लागली, तर विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें. आणि वाचकहो, आज रात्रीं जो हात आपणांस वाढील, त्याच्या नखांकडे एकदां अवश्य पाहावें.