निळ्या डोळ्यांचा कृष्णवर्णीय

वॉल्टर व्हाइट यांचे डोळे निळे होते, केस पिंगट, कातडी गोरी, आडनावही व्हाइट. तरी ते कृष्णवर्णीय होते. आफ्रिकी रक्ताचा एक थेंब अंगात असला तरी माणूस काळाच, असा अमेरिकेचा दंडक होता आणि ते स्वतःही आपल्याला काळेच मानत. १९०६ मध्ये अटलांटात गोऱ्यांच्या झुंडींनी काळ्यांना ठेचून मारले, ते त्यांनी तेराव्या वर्षी पाहिले. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेचे काम करताना ते गोरे म्हणून दक्षिणेत फिरत आणि झुंडबळींची हकीकत गोऱ्यांच्याच तोंडून काढून घेत. १९१९ मध्ये आर्कान्सात त्यांचे बिंग फुटले. गाडी पकडून ते निसटले म्हणून वाचले. जन्मभर गोरे म्हणून सुखात राहणे त्यांना सहज जमले असते.

त्याच संघटनेच्या स्पोकेन शाखेच्या अध्यक्ष रेचेल डोलेझाल. त्या कृष्णवर्णीय म्हणून वावरत होत्या. २०१५ मध्ये त्यांच्या आईवडिलांनीच जाहीर केले, की आमची मुलगी गोरी आहे, आमचे घराणे युरोपीय. बाईंनी पद सोडले, दावा सोडला नाही. त्याच सुमारास, पूर्वी पुरुष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅटलिन जेनर स्त्री म्हणून 'व्हॅनिटी फेअर'च्या मुखपृष्ठावर झळकल्या होत्या. साहजिकच प्रश्न आला: लिंगभाव ज्याचा त्याने ठरवायचा, तर वंश का नाही?

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक रिबेका टुव्हेल यांनी २०१७ मध्ये 'हायपेशिया' या नियतकालिकात हा प्रश्न गंभीरपणे मांडला. तो लेख मागे घ्या, असे पत्र शेकडो अभ्यासकांनी सह्या करून पाठवले. मला त्या पत्रात संताप दिसतो, उत्तर दिसत नाही. टुव्हेल यांचा मुद्दा पोकळ नव्हता. वंशाला शरीरात जेवढा आधार आहे, त्याहून कितीतरी भक्कम आधार स्त्री-पुरुष भेदाला आहे. मग जे अधिक ठिसूळ, तेच बदलायला अवघड का?

चटकन सुचणारी उत्तरे टिकत नाहीत. 'हे सोंग आहे' हा आरोप ट्रान्स व्यक्तींवरही होतोच. 'बालपण तर वेगळेच गेले' हेही त्यांना ऐकवले जाते. 'मनाला येईल तेव्हा परत फिरता येते' हा आक्षेप तर दोन्हीकडे सारखाच लावता येईल.

माझे उत्तर वेगळे आहे. ट्रान्स मूल कोणाच्याही पोटी जन्मते. काळ्याच्या, गोऱ्याच्या, ब्राह्मणाच्या, भिल्लाच्या. त्याची ओळख आजोबा-पणजोबांवर अवलंबून नसते. वंश मात्र येतोच मुळी आईबापांकडून. तो कातडीत नसतो, हे व्हाइट यांच्याकडे पाहून कळते. आपण कोणाची लेकरे आणि त्यांच्यावर काय काय गुदरले, एवढेच त्यात उरते. म्हणून 'मी स्त्री आहे' हे विधान माझ्याबद्दल असते आणि त्यात माझा शब्द शेवटचा. 'मी कृष्णवर्णीय आहे' हे विधान मेलेल्या माणसांबद्दलही असते. तिथे माझ्या एकट्याच्या शब्दाला किंमत किती? व्हाइट यांना निवड होती, पण ती मिळालेला वारसा मिरवायचा की लपवायचा, एवढीच. नसलेला वारसा कोणी निवडू शकत नाही.

हे आपल्याला परके वाटू नये. लिंगओळख ज्याची त्याने ठरवावी, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. जातीच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात पडताळणी समितीपुढे पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरावे लागते. या पडताळणीत छळ भरपूर आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्यामागचे तत्त्व मला पटते. १९९६ च्या वल्सम्मा पॉल खटल्यात पुढारलेल्या समाजातल्या स्त्रीने मागास समाजातल्या पुरुषाशी लग्न करून राखीव जागेवर हक्क सांगितला. आयुष्याची सुरुवात सुस्थितीत झाली असल्याने न्यायालयाने तो नाकारला.

दार अगदीच बंद आहे असेही नाही. वडील सवर्ण आणि आई आदिवासी असलेल्या मुलाचा खटला २०१२ मध्ये त्याच न्यायालयापुढे आला. मुलाला बापाची जात लागते, हे गृहीतक खोडून काढता येईल, असे न्यायालयाने सांगितले. त्यासाठी त्याने आपण आईच्या समाजात वाढलो आणि त्या समाजाच्या वाट्याला येणारी वंचना व अपमान आपणही सोसले, हे दाखवून द्यायला हवे.