ऐब कोणाचा?

ऐब असलेली वस्तू विकत घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पैशांचा वाटतो. स्वस्त मिळते, दुरुस्त होते, मग हरकत काय? पण थोडे खोलात गेले की तो दयानतीचा, म्हणजे सचोटीचा प्रश्न होऊन बसतो.

आमच्या घरात हा प्रश्न एका जुन्या रंधा मशीनच्या निमित्ताने आला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. त्यानंतर एका वयस्कर सुतारचाचांनी आपला कारखाना कायमचा बंद करायचे ठरवले. मशीन नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत होते. आमचे धाकटे बंधू सुतारकाम करतात, त्यांना ते हवे होते. चाचांनी काहीच लपवले नाही. मोटारीत पाणी गेले आहे, बेअरिंगमध्ये गाळ बसला आहे, चिखलातून ओढताना टेबलाच्या कडेला तडा गेला आहे आणि पात्यांवरचे झाकण वाहून गेले आहे, हे त्यांनी स्वतःच दाखवले.

उर्दूत वस्तूतल्या खोटीला ऐब म्हणतात आणि माणसाच्या दोषालाही ऐबच म्हणतात. फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' नावाचा हक्क आहे. ऐब लपवून माल विकला, तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. मात्र ऐब सांगितला आणि घेणाऱ्याने तो कबूल केला, की हा हक्क उरत नाही. आपल्या देशाचा १९३० चा मालविक्री कायदाही याच वाटेने जातो. माल तपासून घेतला असेल, तर तपासणीत जे दिसायला हवे होते त्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाही. म्हणजे चाचा बोलले आणि मोकळे झाले. ऐब आता आमच्या पदरात.

इथेच खरा पेच आहे. हे सगळे नियम दोघांपुरते आहेत, विकणाऱ्यापुरते आणि घेणाऱ्यापुरते. मशीनपुढे उभा राहणार तो तिसराच. बंधूंच्या हाताखाली दोन पोरे काम शिकतात. सौद्याच्या वेळी त्यांना कोणी विचारले नव्हते. रंध्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. पूर्वी ती चौकोनी लोखंडी ठोकळ्यावर बसवीत. त्या ठोकळ्यात बोट खोलवर ओढले जाई, म्हणून गोल ठोकळा आला. मग झाकण आले. ही सुधारणा कोणाच्या तरी बोटांची किंमत देऊन झाली आहे. ती विसरून उघड्या पात्यांवर पोराला उभे करणे म्हणजे बचत आपली आणि धोका त्याचा.

म्हणून ऐबांची वर्गवारी करावी लागते. मोटार उघडून सुकवता येते, गरज पडल्यास पुन्हा वाइंडिंग करता येते. बेअरिंग नवे बसते. हे खर्चाचे ऐब. बिडाला वेल्डिंग सहज धरत नाही, नीट तापवून घेतले नाही तर शेजारी दुसरा तडा जातो. पण तडा टेबलाच्या कडेला असेल आणि टेबल सपाट राहिले असेल, तर बिघडले तर काम बिघडेल. तोच तडा पात्यांच्या ठोकळ्यात किंवा बेअरिंगच्या घरात असता, तर मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नये. कामाचा ऐब पत्करता येतो, हाताचा नाही.

दुसरा पेच भावाचा. पुरात बुडालेला माणूस घासाघीस करत नाही, कारण त्याच्यात तेवढे बळ उरलेले नसते. त्याच्या नडीला ऐब समजून त्याचेही पैसे कापावेत काय? आम्हांला वाटते, सूट मशीनच्या ऐबापुरती घ्यावी. माणसावर आलेली आफत हा मशीनचा ऐब नव्हे.

बंधूंनी टेबलावर सरळ पट्टी ठेवून पाहिली, तडा कडेलाच थांबला होता. मग घरात बसून हिशेब केला. नव्याच्या किमतीतून मोटार, बेअरिंग, झाकण, तड्याचे काम आणि इतक्या वर्षांची झीज वजा केली. जो आकडा आला तो चाचांनी मागितल्यापेक्षा थोडा जास्तच होता. तोच त्यांना दिला. बंधूंना एकच अट घातली. पहिला खर्च झाकणाचा, आणि ते बसेपर्यंत वायर जोडायची नाही.