दंडाच्या पावतीपलीकडे

रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना जो वाहन हाकतो, त्याला मोटार वाहन अधिनियमाच्या १८५व्या कलमान्वये पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी हा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. परंतु दंड ही खर्चाची केवळ पहिली बाब होय. कोर्टाच्या तारखा, वकिलाची फी, बुडालेला रोजगार, आणि परवाना निलंबित झाल्यास टॅक्सीवाल्याच्या घरची थांबलेली मिळकत, यांचा हिशेब कोणत्याही पावतीवर उमटत नाही. अपघात घडलाच, तर चालकाच्या स्वतःच्या गाडीची भरपाई विमा कंपनी नाकारते; आणि मृताच्या वारसांना द्यावयाची रक्कम, जी त्याचे वय व कमाई पाहून ठरते आणि म्हणून सहज लाखांच्या घरात जाते, ती न्यायाधिकरणाच्या हुकुमाने कंपनीने आधी भरली, तरी पुढे वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते. अशा वेळी मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली शिल्लकही त्या देण्यात जाते, आणि ज्यांनी त्या रात्री पेल्याला स्पर्शही केला नव्हता, त्या बायकोमुलांनी वर्षानुवर्षे ही भरपाई करीत राहावे, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.