अनुच्चाराचे सोवळे

समाजाने एखाद्या गोष्टीवर निषेध घातला म्हणजे ती गोष्ट समाजातून नाहीशी होते असे कोणी मानीत नाही. परंतु त्या निषेधाचा आघात प्रत्यक्षात कोठे होतो, कृत्यावर होतो की कृत्याच्या उच्चारावर, ज्याने कृत्य केले त्याच्यावर होतो की ज्याच्या देहावर त्याची खूण उमटली त्याच्यावर, याची चौकशी करण्याचे कष्टही सहसा कोणी घेत नाही. कामविषयक आचारविचारांच्या बाबतीत ही चौकशी करणे हे मी धर्मविचाराचेच काम समजतो. कारण या विषयाभोवती ज्या भिंती आपण उभ्या केल्या त्या धर्माच्या नावाने उभ्या केल्या, आणि धर्माच्या नावाने जे जे चालते त्याचा जाब धर्म मानणाऱ्यांनीच दिला पाहिजे.

आपल्या परंपरेला कामाचा विचारच वर्ज्य होता, असे म्हणण्याची सोय नाही. पुरुषार्थांच्या गणनेत काम धर्म आणि अर्थ यांच्या पंक्तीला बसतो; गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान, धर्माला विरोध न करणारा काम ही आपलीच विभूती आहे, असे सांगतात; आणि वात्स्यायनाने तर हा विषय शास्त्र म्हणूनच मांडला. त्याने मांडलेला एक पूर्वपक्ष आजही विचार करण्याजोगा आहे. पशुपक्ष्यांनाही जे स्वभावतः साधते त्याला शास्त्र कशाला हवे, अशी शंका तो आचार्यांच्या मुखाने उपस्थित करतो आणि तिचे उत्तर असे देतो की, स्त्रीपुरुषांचा संयोग परस्परांवर अवलंबून असल्यामुळे त्याला उपायाची अपेक्षा असते व उपायाचे ज्ञान शास्त्रावाचून होत नाही. पशूंची प्रवृत्ती ऋतुकालापुरती असते आणि तिच्यामागे बुद्धी नसते. माणसाचा काम हा दोन मनांचा व्यवहार आहे, म्हणून तो शिकावा लागतो, एवढे या उत्तराचे तात्पर्य आहे. पुढे स्त्रियांना या शास्त्राचा अधिकार आहे की नाही हा वाद घेऊन त्याने तो त्यांच्या बाजूने निकालात काढला आहे, आणि मुलीने यौवनापूर्वीच त्याचे अध्ययन करावे असे सुचविले आहे. विवाहानंतर पतीच्या संमतीची अट त्याने घातली, ही त्या काळाची मर्यादा झाली; तरीही, ज्याच्याशी आपला संबंध येणार आहे त्याचे ज्ञान आपल्याला असावे, हे तत्त्व त्याने मान्य केले होते.

हे तत्त्व आपल्या घरांतून किती समूळ निघून गेले होते, हे पाहावयाचे असल्यास आपल्या पणजीखापरपणजीच्या काळातील एका सोहळ्याकडे पाहावे. अकरा-बारा वर्षांच्या सुनेला न्हाण आले की घरात मखर उभारले जाई, आप्तेष्टांकडे साखर वाटली जाई, वाजंत्री लागे, बायका जमून ओटी भरीत व गाणी म्हणत, आणि मग पंचांग पाहून गर्भाधानाचा मुहूर्त धरला जाई. मुलीच्या देहात काय घडले आहे हे आळीतल्या प्रत्येकाला वाजतगाजत कळविले जाई. परंतु मखरात फुलांनी मढवून बसविलेल्या त्या पोरीला हे काय घडले, का घडले आणि आता पुढे आपल्या बाबतीत काय घडविले जाणार आहे, हे जवळ घेऊन सांगणे कोणाच्याही कर्तव्यात बसत नसे. आईने सांगावयाचे तर आई माहेरी, सासूने सांगावयाचे तर तो तिचा आब नव्हे, आणि नवरा तर दिवसाउजेडी तिच्याशी बोलतही नसे. जो निषेध आपण शालीनतेचा म्हणून मिरवितो तो विषयाच्या उघडेपणावर नव्हता, हे यावरून ध्यानात यावे. विषय चव्हाट्यावर आणण्यास समाजाची पूर्ण मुभा होती, बंदी होती ती केवळ जिचा देह तिच्या जाणण्याला आणि विचारण्याला.

त्याच मुलीला पुढच्या महिन्यापासून कावळा शिवू लागे. पहिल्या न्हाणाला जी ओटी भरण्यास पात्र, तीच नंतर महिन्याचे तीन दिवस बाहेर बसणारी, घोंगडीवर निजणारी, जिची सावलीही पाण्याच्या हंड्यावर पडू नये अशी. या विटाळाविरुद्ध आपल्याच मातीतून आवाज उठले होते, ही गोष्ट आपण फार सोयीस्करपणे विसरलो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना, देहाच्या नवद्वारांतून जसे इतर स्राव होतात तसाच हाही एक होय आणि त्याचा विटाळ धरण्याचे कारण नाही, अशी शिकवण दिली. पुढच्या शतकात चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी, विटाळ जर देहातच आहे तर विटाळावाचून कोणता देह निर्माण झाला, असा प्रश्न थेट विठोबापुढे ठेवला. त्या प्रश्नाला शास्त्रीपंडितांनी उत्तर दिल्याचे मला कोठे आढळले नाही. अभंग देवळात गाइला गेला आणि विटाळ घरात पाळला गेला.

या सर्व कोंडमाऱ्याचे खापर इंग्रजी अमलावर फोडण्याची एक रीत अलीकडे रूढ झाली आहे. तीत तथ्यांश आहे. १८६० च्या दंडसंहितेने अश्लील लेखनाला गुन्हा ठरविले; १८६८ साली इंग्लंडातील एका मुकदम्यात, ज्यांचे मन अनैतिक प्रभावाला बळी पडण्यासारखे आहे त्यांना जे बिघडवील ते अश्लील, अशी कसोटी ठरली; आणि ती आपल्या न्यायालयांतून इतकी मुरली की स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येही तीच उचलली व २०१४ मध्ये ती टाकली. परंतु विधवेच्या भोवतीचे मौन राणीच्या दप्तरातून आलेले नव्हते. ते आपले होते, आणि इंग्रजांच्या न्यायालयांनी फार तर त्या मौनाने घडविलेल्या अपराधांची सजा ठोठावली.

पुण्यातील काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत जोतीराव फुल्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. फुल्यांच्या स्नेह्यांपैकी एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या घरी ती स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला नादी लावले, दिवस राहिले, गर्भ पाडण्याचे उपाय करून पाहिले, ते लागू पडले नाहीत, मूल जन्मले, आणि अब्रूच्या भयाने तिने ते मारून विहिरीत टाकले. प्रेत सापडले, खटला उभा राहिला, आणि काशीबाईस जन्माची काळ्या पाण्याची सजा झाली. शास्त्र्याला सजा झाल्याचे या हकीकतीत कोठे नाही. ती आत्यंतिक अडचणीत असताना, या गृहस्थाच्या घरातील बायकांपैकी किंवा शेजारपाजाऱ्यांपैकी कोणालाच तिच्या पोटाचा आकार दिसला नसेल, हे संभवत नाही. दिसला, आणि कोणी बोलले नाही, कारण बोलणे हेच पाप होते. मूल मेल्यावर मात्र सर्वांना वाचा फुटली.

फुल्यांनी यावर जो उपाय योजला तो धर्मविचाराच्या दृष्टीने मला एखाद्या भाष्याइतक्या योग्यतेचा वाटतो. १८६३ मध्ये त्यांनी व सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरी, फसलेल्या विधवांनी येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे वाटल्यास न्यावे व ठेवावे वाटल्यास ठेवावे, अशी तजवीज केली, आणि ब्राह्मणवस्तीत तिचे जाहिरातीचे कागद लावले. १८८४ पर्यंत पस्तीस स्त्रिया तेथे आल्याचे फुले नमूद करतात. स्त्रीची लाज झाकण्यासाठी समाजाजवळ केशवपन, आलवण आणि माजघरातला अंधार होता; फुल्यांनी तीच लाज राखली, परंतु त्यासाठी जीव घ्यावा लागू नये एवढा बंदोबस्त केला. लाज राखण्याचे हे दोन मार्ग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोणता धर्म्य आणि कोणता अधर्म्य हे सांगण्यासाठी स्मृतिग्रंथ उघडावा लागत नाही.

काशीबाईचे प्रकरण एकटे नव्हते. १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा फर्मावली गेली, अपिलात ती कमी होऊन हद्दपारीवर आली, आणि त्या वेळी वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या पापप्रवृत्तीवर जी प्रवचने झडली त्यांनी संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला. ज्या दुर्गुणांसाठी बाईला फासावर चढविता ते पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा सवाल. मला या निबंधात त्याच्या धैर्याइतकेच त्याच्या रीतीचे महत्त्व वाटते: ताराबाई व्यभिचाराचे समर्थन करीत नाहीत, नीतीची कसोटी त्या सोडीतच नाहीत, ती कसोटी दोघांना सारखी लावा, एवढेच त्या मागतात. निषेधांची सारी इमारत एका बाजूच्या खांद्यावर उभी असल्यामुळे एवढी माफक मागणीसुद्धा तिला पेलवली नाही.

आणि मग १८९१ चा संमतिवयाचा वाद. आदल्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतिसंगाने झालेल्या इजेमुळे मेल्याचा खटला चालला होता. कायद्यात संमतीचे वय दहा होते आणि ती दहाच्या वरची ठरली, म्हणून तिच्या पस्तिशीच्या नवऱ्यावर बलात्काराचा आरोप टिकला नाही व त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. सरकारने हे वय दहावरून बारावर नेण्याचे विधेयक आणताच गर्भाधानसंस्कारात परकी सत्तेचा हात नको म्हणून पुण्यात सभा गाजू लागल्या आणि लोकमान्य टिळकांसारखा प्रखर बुद्धीचा पुरुष त्या विरोधाच्या अग्रभागी उभा राहिला. परकी सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध करण्यामागील राजकीय तत्त्व मी क्षुद्र मानीत नाही. परंतु डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राधारांनी हा संस्कार लांबणीवर टाकता येतो असे दाखवून दिल्यावरही ग्रंथवचनांचा काथ्याकूट चालूच राहिला, आणि त्यात मेलेल्या पोरीच्या वेदनेला फारच थोडी जागा मिळाली, हे त्या काळातील लेखन वाचताना मनाला लागून राहते. देहाविषयी बोलण्याची सवयच नसलेल्या समाजाला देहाची वेदना हा धर्माचा विषय वाटू शकला नाही.

ही सवय लावण्याचा पद्धतशीर प्रयत्न महाराष्ट्रात एका गणिताच्या प्राध्यापकाने केला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्या मतांपायी प्राध्यापकी गमावली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक तोट्यात चालविले. त्या मासिकात वाचक आपल्या खाजगी शंका विचारीत आणि कर्वे त्यांची उत्तरे कसलाही आडपडदा न ठेवता, वैद्यकाच्या कोरड्या भाषेत देत. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. घरात, शाळेत, देवळात, दवाखान्यात कोठेही जे विचारता येत नाही ते नाव न सांगता एका मासिकाला लिहून विचारणारा माणूस काही बिघडलेला नसतो; भ्यालेला असतो, आणि त्याच्या भीतीला उत्तर देणाऱ्यास समाजाने अपराधी ठरविले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. उच्चाराची सर्व बंधने सुटली तर लज्जा नावाचे जे मूल्य आहे त्याचे काय होणार? देवीमाहात्म्यात लज्जेला देवीचेच एक रूप मानून नमस्कार केला आहे; तो निरर्थक नाही. माणसाच्या जवळिकीला एकांत लागतो, आणि तो एकांत विकावयाला काढणारा बाजार आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु लज्जा हा ज्याचा त्याने पाळावयाचा, दुसऱ्याच्या देहाविषयी आदरातून उपजलेला संयम आहे. दुसऱ्याच्या तोंडावर हात दाबून ती उत्पन्न होत नाही. ज्याला देहाचे ज्ञान आहे आणि समोरच्याच्या नकाराचा अर्थ कळतो त्यालाच संयम शक्य आहे. अज्ञान्याजवळ असते ती भीती, आणि भीतीला संधी मिळाली की ती आक्रमण करते किंवा शरण जाते. ब्रह्मचर्याचा आदर्श ज्यांना मान्य आहे त्यांनीही हे पाहावे की, ज्याचे नावही घेता येत नाही त्याचा त्याग कोणालाच करता येत नाही.

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांवर मुलांशी बोलून केलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराची जबानी दिली होती, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले लोक होते. त्याच २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांतील लैंगिक शिक्षण संस्कृतीला बाधक म्हणून विधिमंडळात विरोध झाला व ते थांबविले गेले. एका हाताने मुलांची जबानी घेणारे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या तोंडचे शब्द काढून घेणारे सरकार आपणच निवडून दिलेले असते.

म्हणून ज्या घरात वाढते मूल आहे त्या घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलाला त्याच्या सर्व अवयवांची नावे, हातापायांची सांगता तशीच, न कचरता सांगा. पाळी येण्यापूर्वी मुलीला तिची माहिती द्या, आणि तीच माहिती तिच्या भावालाही द्या. कोणा काका-मामाकडे जावयास मूल नाखूश असेल तर त्याला आप्तधर्म शिकविण्यापूर्वी कारण विचारा, आणि त्याने जे सांगितले ते पाहुण्यांच्या इभ्रतीसाठी गिळून टाकू नका. २०१२ च्या बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने असा अपराध माहीत असूनही पोलिसांना न कळविणाऱ्या प्रौढाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.