कुंभार आणि मडके

दिवाळीतली पणती कुंभाराच्या चाकावरून येते, आणि आपल्या तर्कशास्त्रातला ईश्वरही बराचसा त्याच चाकावरून आलेला आहे. मडके दिसले की कुंभार होता हे कळते, मग तो आपण पाहिलेला असो वा नसो. पृथ्वी, पर्वत, झाडेझुडपे हीही घडलेली वस्तू आहे; तेव्हा तिलाही कुणी जाणता कर्ता असलाच पाहिजे, आणि तोच ईश्वर. नैयायिकांचा हा युक्तिवाद. 'घटापटाची खटपट' म्हणून आपण ज्या चर्चेला हसतो, तिच्यातला हा घट असा वजनदार आहे.

मिथिलेच्या उदयनाचार्यांनी हजारएक वर्षांपूर्वी 'न्यायकुसुमांजली' लिहून ही बाजू जितकी भक्कम केली, तितकी दुसऱ्या कुणी क्वचितच केली असेल. त्यांच्याविषयी एक दंतकथा आहे. ते जगन्नाथपुरीला गेले तेव्हा देवळाचे दार बंद होते. तेव्हा ते देवाला खडसावून म्हणाले, की ऐश्वर्याच्या मदात आज तू मला ओळखत नाहीस. पण बौद्ध चालून आले की तुझे अस्तित्व माझ्याच हाती असते! दंतकथा खरी असो वा नसो. ज्याच्याशी असे भांडता येते तो देव नुसत्या अनुमानाने हाती लागलेला नसतो, एवढे मात्र खरे.

समोरच्या बाजूला कोण होते? आपल्याला वाटते, चार्वाक आणि बौद्ध. पण त्यांच्या शेजारी कुमारिल भट्टही बसलेले दिसतात. वेदांचा आणि यज्ञकर्माचा एवढा अभिमानी पंडित शोधून सापडणार नाही, आणि तरी सृष्टी निर्माण करणारा ईश्वर त्यांना मान्य नाही. त्यांचे प्रश्न आमच्या वर्गातल्या चौकस मुलाने विचारावेत तसे सरळ आहेत. कुंभाराला हात असतात. ईश्वराला शरीर नसेल तर त्याने जग घडवले कशाने? शरीर असेल तर ते कुणी घडवले? करुणेपोटी जग निर्माण केले म्हणावे, तर सृष्टीच नव्हती तेव्हा करुणा करायला दुःखी जीव होते कुठे? आणि खरोखर करुणेनेच केले असते तर सगळ्यांना सुखीच का नाही केले? देव न मानणे ही इंग्रजी शिक्षणाची देणगी आहे असे समजणाऱ्यांनी हे प्रश्न सवडीने पाहावेत.

धर्मकीर्तींनी वेगळीच खोच काढली. वारूळही मातीचेच असते. म्हणून तेही कुंभारानेच केले म्हणायचे का? इंग्लंडमध्ये विल्यम पेली या पाद्र्याने १८०२ साली मडक्याच्या जागी घड्याळ ठेवून तोच युक्तिवाद मांडला, आणि १८५९ साली डार्विनने दाखवून दिले, की डोळ्यासारखी नाजूक रचनाही कुणी आखल्यावाचून, पिढ्यांमागून पिढ्या निवड होत घडू शकते. वारुळाची सरशी झाली म्हणा. मात्र मुळात काहीतरी आहेच का, काहीच नाही असे का नाही, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही. तो सुटेल असे मला वाटत नाही.

पण हा सगळा वाद भिंती उभ्या असताना चालतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, प्रार्थनेला भरलेली लिस्बनची चर्चे भूकंपाने कोसळली आणि व्हॉल्तेअरने, जे होते ते भल्यासाठीच, या तत्त्वज्ञानावर कोरडे ओढले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात लोक गणपती बोळवून निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि हजारो माणसे गेली. ढिगाऱ्यापाशी बसलेला माणूस 'या जगाला कर्ता आहे काय?' असे विचारत नाही. तो विचारतो, 'आमच्याच वाट्याला हे का?'

याला आपल्याकडचे तयार उत्तर कर्माचे आहे. स्वतःच्या दुःखाविषयी माणूस ते मनाशी म्हणाला तर त्याला धीर येतो, हे मी पाहिले आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तेच लागू करणे मला निर्दयपणाचे वाटते. १९३४ च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला तेव्हा, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी निषेध केला. गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापून उत्तर दिले. दोघेही ईश्वर मानणारे, दोघेही अस्पृश्यतेचे वैरी. माझा कौल रवींद्रनाथांना आहे. मुंगेरच्या ढिगाऱ्याखालच्या तान्ह्या मुलाने कुणाला विटाळ मानला होता?

मराठी माणसाचा कुंभार मात्र नैयायिकांच्या कुंभाराहून निराळा आहे. तेरच्या गोरोबांची कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. भजनात देहभान हरपून ते चिखल तुडवीत राहिले आणि पायाखाली त्यांचे स्वतःचेच मूल आले. तर्कशास्त्रातल्या सर्वज्ञ कर्त्याच्या हातून असे घडू नये. आपल्या कथेत ते घडते. पुढे पंढरपूरच्या कीर्तनात मूल परत मिळते खरे, आणि श्रोते डोळे पुसतात. पण मधल्या वेळची ती आई मला विसरता येत नाही. नवऱ्याला आणि त्याच्या विठ्ठलाला तिने लावलेले बोल कीर्तनकार गाळत नाहीत, उलट आवाज चढवून सांगतात. आणि ते ऐकून तिला नास्तिक म्हणणारा श्रोता मला अजून भेटलेला नाही.