मावशीची प्रार्थना


"तू बौद्धाचं पोर. चर्चात काय करत होतास?" असं मंडळातल्या एका दोस्तानं विचारलं. तिथं उत्तर सुचलं नाही. म्हणून इथं लिहितो.

आमच्या कोळसेवाडीतली मावशी. आमच्यातलीच. धुण्याभांड्याची कामं करते. तिचा तरणा पोरगा गेला. वस्तीत ती सांगते, तापानं गेला. गिरणीतली रात्रपाळी करून आलो त्या रविवारी म्हणाली, "बाळा, सोबत चल. पाय लटपटतात." गेलो.

भाड्याचा हॉल, ढोलकी, टाळ. भजन नारायण वामन टिळकांचं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणाचं भजन आमची मावशी डोळे मिटून गाते! मला हसू आलं. मग पाळक म्हणाला, मनावर ओझं असेल त्यानं बोलावं. मावशी उठली. वर्षभर गिळलेलं बोलली. पोरगा कसा गेला ते मला तिथं कळलं; इथं लिहिणार नाही. चार बायांनी तिला धरलं. माझं हसू गेलं.

परत येताना तिचे पाय लटपटत नव्हते. याला आशा म्हणायचं का?

मी देव मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला आहे. पोरगा वर भेटेल हे मला पटत नाही. धर्म बदलूनही जात चर्चात शिरली, हे बाबासाहेबांनी परखडपणे लिहून ठेवलंय. वरच्या राज्याची आशा खालचा हक्क विसरायला लावत असेल, तर ती नको. इथवर दोस्ताचं बरोबर.

पण मावशीला उभं कुणी केलं? किसागोतमी मेलेलं लेकरू घेऊन आली तेव्हा बुद्धानं चमत्कार केला नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण, म्हणाला. दारोदार फिरून तिला कळलं, दुःख आपल्या एकटीचं नाही. मावशीला त्या हॉलमध्ये तेच कळलं, असं मी म्हणतो. ती म्हणेल, धरणारे हात येशूचे होते. म्हणू दे.

आणि ही प्रार्थनाही ती लपवते. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच. दाखला जाईल या भीतीनं मावशीच्या मनात येशू, कागदावर जुनंच. 1956 ते 1990, चौतीस वर्षं केंद्राच्या यादीबाहेर आपणही उभे होतो. विसरलो?

आपल्या विहारात वंदना होते, भाषण होतं, वर्गणी होते. "मावशी, पोरगं कसं गेलं गं?" हे कुणी विचारलं? मीही नाही. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. आणि बोलायला तिला स्टेशनपलीकडे जावं लागलं. लढ्यात रडायला जागा नसेल, तर माणूस दुसरं दार शोधणारच. दोष त्या दाराचा नाही.

पौर्णिमेला मावशीला विहारात बोलावलंय. येशूसकट. येईल न येईल. सतरंजीवर तिची जागा मी धरून ठेवणार आहे.

जय भीम.